इस्की, जुने फॉन्ट आणि युनिकोड: एका मराठी मासिकाच्या संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

काम: एका मराठी मासिकाचा १९९२ ते २००७ या काळातला संगणकावरचा मजकूर एकाच स्वरूपात, म्हणजे युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, म्हणजे कोडपॉइंट, देणारे मानक; तो ‘यू+’ लावून लिहितात) यूटीएफ-८ म्हणून (ते क्रमांक बाइटांत साठवण्याची एक पद्धत) आणणे. त्यात शोध लागला पाहिजे, अकारविल्हे सूची बरोबर लागली पाहिजे आणि छापील अंकातले एकही अक्षर बदलता कामा नये. बाइटची मूल्ये सोळाच्या पायावरच्या (हेक्साडेसिमल) अंकांत आहेत. दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ लिहिले आहे.

३ फेब्रुवारी २०२५

आलेले साहित्य: साडेतीन इंची फ्लॉपी अकरा, सीडी सात, जुन्या संकेतस्थळाच्या डेटाबेसचा एक डम्प (सगळ्या मजकुराची एकत्र उतरवलेली प्रत).

एकही फाइल उघडण्याआधी प्रत्येक फ्लॉपीची लेखनबंदीची खिडकी सरकवली (भोक उघडे दिसले की लिहिणे बंद) आणि पूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून तक्त्यात नोंदवला. यापुढे सगळे काम प्रतींवर. हा नियम ढिला करायचा नाही. आजचे संपादक जुनी फाइल उघडताना एन्कोडिंगचा (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर याचा) अंदाज बांधतात. कुणी सवयीने ‘सेव्ह’ दाबले की तो चुकीचा अंदाज फाइलमध्ये कायमचा बसतो आणि मूळ बाइट पुन्हा मिळत नाहीत.

४ फेब्रुवारी

ओळख पटवण्याचे काम. फाइलच्या नावावरून काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येक फाइलमध्ये कोणता बाइट किती वेळा येतो ते मोजणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. चार प्रकार निघाले.

ई० हा बाइट आणि त्याच्यामागे ए४ किंवा ए५, असे दर तीन बाइटांनी दिसले तर यूटीएफ-८. देवनागरीचा पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ. त्याचा पहिला अर्धा भाग ई० ए४ ने आणि दुसरा ई० ए५ ने सुरू होतो. दुसरे काही शक्यच नाही.

बहुतेक बाइट ए१ ते एफए मध्ये, डीए (काना), सीएफ (र) आणि ई८ (हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण) भरपूर, पण ई० जवळजवळ नाहीच, तर इस्की (भारतीय लिप्यांसाठीची आठ बिटांची पद्धत). इस्कीत ई० वर ऱ्हस्व ‘ॆ’ ची मात्रा आहे आणि मराठीला ती लागत नाही. म्हणजे ई० हा एकच बाइट इस्की आणि यूटीएफ-८ वेगळे करायला पुरतो.

दर दुसरा बाइट ०९ असेल तर यूटीएफ-१६ (युनिकोड साठवण्याची दुसरी पद्धत, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला दोन बाइट), खालचा बाइट आधी. ‘क’ तिथे १५ ०९ असा साठवलेला असतो.

आणि बाइट रोमन अक्षरांच्या जागांवर विखुरलेले, उघडल्यावर अर्थहीन रोमन मजकूर दिसतो, असे असेल तर फॉन्ट-कोड. संग्रहाचा सर्वांत मोठा भाग हाच आहे.

एका मासिकात चार पद्धती का, हे इथेच नोंदवून ठेवतो. पुढचे प्रत्येक कोडे याच इतिहासातून आले आहे. आस्की १९६३ ची. सात बिट, १२८ जागा, त्यात इंग्रजीच मावते. आठवा बिट वापरला की आणखी १२८ जागा मिळतात, आणि त्या जो तो आपापल्या लिपीने भरत गेला. आयएसओ ८८५९ या मालिकेत युरोपातल्या भाषा, सिरिलिक, अरबी, ग्रीक, हिब्रू, थाई यांना जागा मिळाली. बारावा भाग देवनागरीसाठी होता, तो १९९७ मध्ये सोडून दिला गेला. आपल्याकडे इस्की हे मानक होते (आयएस १३१९४:१९९१), पण छपाईच्या सॉफ्टवेअरने वेगळीच वाट धरली. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची, त्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. मात्र घरच्या आणि कार्यालयातल्या विंडोजवर ती नीट दिसू लागली विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसह. मधल्या नऊ-दहा वर्षांत जे मराठी टाइप झाले ते या संग्रहात आहे.

७ फेब्रुवारी

इस्की फाइली घेतल्या. या सर्वांत प्रामाणिक फाइली. खालच्या १२८ जागांवर आस्की जसेच्या तसे, म्हणून मराठी वाक्यातला इंग्रजी शब्द आपोआप वाचतो. मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो, दिसण्याच्या क्रमाने नाही. ‘महाराष्ट्र’ पाहा:

सीसी डी८ डीए सीएफ डीए डी६ ई८ बीडी ई८ सीएफ

म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. दहा बाइट. युनिकोडमध्येही हेच दहा कोडपॉइंट याच क्रमाने येतात. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे तीस बाइट होतात. जोडाक्षर कसे दिसायचे ते फॉन्ट ठरवतो, साठवणीत फक्त हलन्त असतो. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलेल्या जीआयएसटीच्या (भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या प्रकल्पाच्या) कामामागची ही कल्पना युनिकोडने जशीच्या तशी उचलली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे.

त्यामुळे एक ठराविक आकडा वजा केला की इस्कीचे युनिकोड होईल, असे वाटते. होत नाही. ‘क’ ते ‘य’ साठी एक अंतर लागू पडते (बी३ वरून ०९१५, सीडी वरून ०९२एफ). मध्ये सीई वर ‘य़’ आहे आणि युनिकोडमध्ये तो दूर ०९५एफ वर नेला आहे. म्हणून ‘र’ पासून ‘ह’ पर्यंत अंतर एकाने बदलते, आणि मात्रांना तिसरेच लागते. आकडेमोड सोडून सरळ तक्ता वापरावा. आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीत (तयार प्रोग्रामांच्या संचात) इस्कीचा रूपांतरक तयार आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ संचात नाही.

दोन गोष्टी हाताने पाहाव्या लागल्या. डॉसच्या फाइलींच्या शेवटी १ए हा बाइट असतो (फाइल संपल्याची खूण), तो काढला. आणि ईएफ हा बाइट: इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांना तेच कोड आहेत आणि लिपी बदलायची तर ईएफ देऊन पुढे लिपीचा क्रमांक देतात, ४२ म्हणजे देवनागरी, ४ए म्हणजे गुजराती. एका लेखात गुजराती ओव्या होत्या. रूपांतरकाला फाइलचा तुकडा मधूनच दिला तर ईएफ ४ए मागे राहते आणि ओव्या देवनागरीत उतरतात. म्हणून इस्की फाइल नेहमी अख्खी द्यायची. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र पट्टा दिला तो ही अडचण संपवण्यासाठीच. ‘क’ ०९१५ वर आणि गुजराती ‘ક’ ०ए९५ वर, मागचे काही वाचले नसले तरी फरक पडत नाही.

१० फेब्रुवारी

इस्कीतला दुहेरी हलन्त (ई८ ई८) म्हणजे ‘पाय मोडलेलाच दाखवा’. युनिकोडमध्ये हलन्त + झेडडब्ल्यूएनजे (यू+२००सी, ‘इथे जोडू नका’ सांगणारे अदृश्य अक्षर). हलन्त आणि नुक्ता (ई८ ई९; नुक्ता म्हणजे अक्षराखालचे टिंब) म्हणजे ‘अर्धे अक्षर दाखवा’. युनिकोडमध्ये हलन्त + झेडडब्ल्यूजे (यू+२००डी, ‘इथे जोडा’ सांगणारे अदृश्य अक्षर). दोन्ही तपासले, बरोबर उतरले.

पण यातूनच मराठीतला सर्वांत नाजूक प्रश्न समोर आला. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘गुऱ्हाळ’ यांतला आडवा अर्धा र. काही लेखांत तो डी० ई८ आहे, म्हणजे ऱ + हलन्त. काहींत सीएफ ई८ ई९ आहे, म्हणजे साधा र + हलन्त + झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात आणि युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, पण शोधात ‘दुसऱ्या’ टाकले तर निम्मेच लेख सापडतात. एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करणे) या दोघांना एक करत नाही.

निर्णय: सगळीकडे ऱ (यू+०९३१) + हलन्त. त्याआधी, आणि हे फार महत्त्वाचे, कुठल्याही टप्प्यावर ‘अदृश्य अक्षरे काढून टाका’ ही सफाई चालवायची नाही. झेडडब्ल्यूजे गेला की अर्ध्या र चा रफार होतो. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’ चे ‘आचार्यांना’ होते. स्वयंपाक्याला दिलेले बोलावणे गुरूंना जाते आणि शब्दकोश दोन्ही शब्द बरोबर मानतो, त्यामुळे चूक कुठल्याही तपासणीत सापडत नाही.

१२ फेब्रुवारी

‘ॲ’ च्या दोन तऱ्हा सापडल्या. इस्कीत एई वर ‘ऍ’ आहे (युनिकोड ०९०डी), हिंदीच्या वळणाचा. काहींनी अ आणि ॅ असे दोन बाइट टाइप केले. मराठीचा ‘ॲ’ (यू+०९७२) युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये आला. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हाच आहे. मराठी मजकुरात दोन्हींचे ०९७२ केले. हिंदी उताऱ्यांतला ऍ तसाच ठेवला, म्हणून उताऱ्यांना आधी भाषेची खूण द्यावी लागली. कोकणी लेखांनाही वेगळी खूण दिली. लिपी एक असली तरी मराठीची शब्दसूची त्यांच्यावर चालवणे अन्याय आहे.

१७ फेब्रुवारी

फॉन्ट-कोड सुरू. डीटीपीचा (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचा) फॉन्ट म्हणजे काय ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये देवनागरीची जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा नव्हती. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे काढून ठेवले. फाइलमध्ये साठवले जाते ते रोमन अक्षरच; फॉन्ट लावला की ते ‘अर्धा त’ दिसते. फॉन्ट काढला की मराठी नाहीशी होते. संगणकाच्या लेखी त्या फाइलीत मराठीचे एक अक्षरही कधी नव्हते. दिसण्यासाठी केलेली ही सोय होती आणि तिने हजारो अंक छापले, हे कमी नाही. पण तो मजकूर शोधता येत नाही, क्रमाने लावता येत नाही, वाचून दाखवता येत नाही.

पहिली पायरी: फॉन्टच्या सगळ्या जागांचा छापील तक्ता. २१ ते ७ई आणि ए१ ते एफएफ, प्रत्येक जागेचे ग्लिफ (अक्षराचा दिसणारा आकार) चोवीस बिंदूंच्या आकारात छापून समोर ठेवले आणि प्रत्येकापुढे त्याचे युनिकोड लिहिले. एकाच अक्षराची अनेक ग्लिफ असतात: ऱ्हस्व वेलांटीच्या तीन रुंदी, रकाराचे दोन प्रकार (‘प्र’ मधली तिरकी रेघ आणि ‘ट्र’ मधला खालचा कोन), रफार एकटा आणि रफार-अनुस्वार जोडून. सगळ्या रुंदी एकाच कोडपॉइंटवर जातात.

दुसरी: फाइल आरटीएफ (मजकुरासोबत फॉन्टची माहिती ठेवणारे स्वरूप) असेल तर तिच्यातून फॉन्टच्या खुणा काढून घेणे. मराठी फॉन्ट लावलेला तुकडाच रूपांतराला जाईल, इंग्रजी तसाच राहील. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ही खूण हरवलेली असते आणि इंग्रजी शब्दाचे मराठी कडबोळे होते. म्हणून शक्य तिथे आरटीएफ किंवा मूळ डीटीपी फाइलच घ्यायची, टेक्स्टची प्रत नाही.

२० फेब्रुवारी

रूपांतराचे नियम, क्रमाने. क्रम चुकला की सगळे चुकते.

आधी मोठी जोडाक्षरे: द्य, द्ध, द्व, ह्म, क्त, श्र यांची अखंड ग्लिफ. सर्वांत लांब जुळणी आधी.

मग काना. या फॉन्टमध्ये ‘त’ नाही. अर्धा त आणि उभी रेघ आहे. अर्धा त + रेघ = त. अर्धा त + रेघ + रेघ = ता. पण ‘क’, ‘र’, ‘द’, ‘ट’ यांना शेवटी उभा दंड नाही, म्हणून तिथे पहिलीच रेघ काना आहे. म्हणजे त्याच एका बाइटचा अर्थ मागचे अक्षर पाहून ठरतो. त्यात भर म्हणजे ‘तु’ दोन तऱ्हांनी टाइप झालेला आहे: अर्धा त, रेघ, उकार; किंवा अर्धा त, उकार, रेघ. उकाराची रुंदी शून्य असल्याने कागदावर दोन्ही एकसारखे दिसले आणि कुणालाच कधी कळले नाही. म्हणून रेघेचा निवाडा करण्याआधी शून्य रुंदीच्या खुणा रेघेच्या पलीकडे सरकवल्या.

मग ऱ्हस्व वेलांटी. ती दिसते आधी, साठवायची नंतर. ‘स्थिती’ फाइलमध्ये असे आहे: वेलांटी, अर्धा स, थ, त, दीर्घ वेलांटी. वेलांटी पुढच्या एका व्यंजनापलीकडे नेली तर ‘सि्थती’ मिळते. ही चूक मराठी संकेतस्थळांवर आजही ठिकठिकाणी दिसते आणि तिचे मूळ इथेच आहे. वेलांटी अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यायची: व्यंजन, आणि पुढे हलन्त-व्यंजन जितक्या वेळा येईल तितके.

शेवटी रफार. तो दिसतो अक्षराच्या नंतर, साठवायचा आधी, र + हलन्त म्हणून. ‘वर्षी’: व, ष, दीर्घ वेलांटी, रफार. रफार मागे नेताना आधी मात्रा ओलांडायच्या, मग पूर्ण जोडाक्षर. ‘वर्षांत’ मध्ये रफार-अनुस्वाराचे एकच ग्लिफ आहे. ते आधी फोडायचे, रफार मागे जातो, अनुस्वार जागेवर राहतो. ‘निर्मिती’ ही चांगली कसोटी आहे, कारण तिथे वेलांटी आणि रफार एकाच म वर आहेत. वेलांटी आधी आणि रफार नंतर, हा क्रम पाळला की बरोबर येते. उलट केले आणि वेलांटीचा नियम एका व्यंजनापुरताच असला तर ‘निरि्मती’.

२४ फेब्रुवारी

तपासणीचे नियम. देवनागरीत अशक्य असलेल्या जोड्या शोधल्या: शब्दाच्या सुरुवातीला मात्रा, हलन्तानंतर मात्रा, लागोपाठ दोन मात्रा, अनुस्वारानंतर मात्रा. अशी जोडी असेल तिथे पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ दिसते, पण डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्राने) ओळ क्रमांकासह यादी काढलेली बरी. चूक सापडली की फाइल हाताने दुरुस्त करायची नाही. नियम दुरुस्त करायचा आणि सगळे पुन्हा चालवायचे. नाहीतर तीच चूक दुसऱ्या अंकात राहते.

आजच्या यादीतून निघालेली कारणे. टाइप करणाऱ्याच्या वर्डमध्ये ‘वाक्याचे पहिले अक्षर मोठे’ ही सोय चालू होती. रोमन लहान अक्षराचे मोठे झाले आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला भलतेच ग्लिफ आले. सरळ अवतरणचिन्हांची गोल झाली, तिथेही तेच. आणि काही फाइली मध्ये कधीतरी यूटीएफ-८ मध्ये साठवल्या गेल्या होत्या, म्हणून ८० ते ९एफ मधले बाइट २०१८, २०१सी, २०एसी अशा कोडपॉइंटवर गेले होते. तक्त्यात प्रत्येक जागेची दोन्ही रूपे घातली.

विसर्गाची गोष्ट वेगळी. बहुतेकांनी विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप केला आहे: ‘दु:ख’, ‘अंत:करण’. दोन देवनागरी अक्षरांमध्ये जागा न सोडता आलेला अपूर्णविराम विसर्ग (यू+०९०३) केला. शब्दाच्या शेवटी असे करता येत नाही. ‘स्वतः’ मध्ये विसर्ग आहे, ‘लेखक:’ मध्ये नाही. शेवटच्यांसाठी यादी केली: स्वतः, विशेषतः, साधारणतः, मूलतः, अंशतः आणि इतर. आकड्यांमधला अपूर्णविराम हात न लावता सोडला, वेळ असते.

२८ फेब्रुवारी

फॉन्ट-कोडचा पहिला पूर्ण फेरा झाला. छापील अंकांशी यादृच्छिक पाने ताडली. ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे दिसत नाहीत अशी शंका आली. कोडपॉइंट बरोबर आहेत. फरक फॉन्टमध्ये आहे. पानाला मराठीची भाषाखूण ‘एमआर’ दिली की ज्या फॉन्टमध्ये मराठीची रूपे आहेत तो ती दाखवतो. मजकुरात काही करायचे नाही.

६ मार्च

डेटाबेसचा डम्प. इथे मजकूर यूटीएफ-८ होता, पण मध्ये कुणीतरी त्याला विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीची विंडोजची आठ बिटांची पद्धत) समजून पुन्हा यूटीएफ-८ केले. पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचे चिन्ह किंवा येनचे चिन्ह, असे पुन्हा पुन्हा दिसते. ई०, ए४, ए५ हेच बाइट त्या वेषात आहेत.

उपाय सरळ: १२५२ मध्ये परत लिहायचे आणि यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पायथनने नकार दिला, आणि नकार का दिला ते समजले तेव्हा नुकसानीचा नकाशाच हाती आला. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. देवनागरीत त्या बाइटांनी संपणारी अक्षरे: उकार (ई० ए५ ८१), हलन्त (ई० ए५ ८डी), ए, ऐ, झ, ऍ, चंद्रबिंदू, ॐ. म्हणजे मराठीतली जवळजवळ प्रत्येक ओळ.

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचा ‘लॅटिन१’ या पाच बाइटांना तशाच नियंत्रण-कोडवर ठेवतो, काही हरवत नाही. म्हणून तसाच वागणारा छोटा रूपांतरक लिहिला आणि बहुतेक नोंदी अक्षरशः जशाच्या तशा परत आल्या.

उरल्या त्या ज्यांत मधल्या एखाद्या साधनाने रिकाम्या जागेवर प्रश्नचिन्ह घातले. ‘प?ण?याच?या’. ए५ च्या मागे हरवलेले अक्षर व्यवहारात उकार तरी असते नाहीतर हलन्त. तीन जागा, प्रत्येकी दोन पर्याय, आठ रूपे; शब्दसूचीत एकच बसते: पुण्याच्या. ए४ च्या मागे हरवले असेल तर ए, ऐ, झ हे मुख्य उमेदवार.

ठ आणि भ चे दुखणे याहून लपलेले. ‘ठ’ चा शेवटचा बाइट ए०, जो १२५२ मध्ये न तुटणारी मोकळी जागा आहे. सफाई करणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टने तिची साधी मोकळी जागा (२०) केली. ‘भ’ चा शेवटचा बाइट एडी, अदृश्य संयोगचिन्ह. ते सरळ काढून टाकले गेले. ई० ए४ २० आणि पुढे लगेच मात्रा आली तर तो ठ नक्की: ‘मराठी’ असाच वाचला. पण पुढे नवे अक्षर सुरू होत असेल तर दोन वाचने संभवतात, मधला ठ किंवा शब्दाच्या शेवटचा भ आणि खरी मोकळी जागा. ‘लाभ’, ‘आरंभ’, ‘पाठ’, ‘गाठ’ यांच्या जागा हाताने पाहिल्या.

११ मार्च

यूटीएफ-१६ च्या फाइली. ०९ हा बाइट आस्कीत टॅब आहे. एका फाइलमध्ये कुणीतरी ‘टॅबच्या जागी चार मोकळ्या जागा’ हा बदल बाइटवर चालवला होता. प्रत्येक ०९ चे चार २० केले की परत फिरवता येते, इथे परत फिरवले. ओळीओळीने चालणारी साधनेही यावर वापरू नयेत, कारण ‘ऊ’ म्हणजे ०ए ०९ आणि ०ए ही नवी ओळ. पुरे.

१८ मार्च

सगळ्या मजकुरावर एनएफसी. त्याने ज़, ड़, ढ़ ही जुळलेली अक्षरे (०९५८ ते ०९५एफ) मूळ अक्षर + नुक्ता अशी सुटी होतात, कारण ती पुन्हा जुळवायची नाहीत असे युनिकोडने ठरवले आहे. ऱ मात्र उलट: र + नुक्ता आला तर तो ०९३१ होतो आणि तसाच राहतो. आपल्या निर्णयाला हे सोयीचेच.

शोधाच्या खोक्यात वाचक काय टाइप करील ते सांगता येत नाही, म्हणून मजकुरावर चालवलेले सगळे नियम (ऱ, ॲ, विसर्ग, एनएफसी) शोधशब्दावरही चालवले.

अक्षरे मोजताना काळजी. ‘महाराष्ट्र’ ची वाचकाच्या हिशेबाने अक्षरे चार, पण युनिकोडच्या जुन्या नियमाने सहा निघतात, कारण ष्, ट् आणि र वेगळे पडतात. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून हलन्ताने जोडलेली व्यंजने एकत्र धरतात. वापरलेली लायब्ररी त्या आवृत्तीची नसेल तर सारांश ‘महाराष्…’ असा मध्येच कापला जातो.

२५ मार्च

नवा डेटाबेस. मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ८’ हा प्रत्यक्षात तीन बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी तीन बाइटांत बसते, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. या संग्रहात मोडी वाचनाची लेखमाला आहे आणि तिच्यात आता खरी मोडी अक्षरे घालायची आहेत. मोडी युनिकोडमध्ये २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत आली, यू+११६०० पासून. पहिले अक्षर यूटीएफ-८ मध्ये एफ० ९१ ९८ ८०, चार बाइट; यूटीएफ-१६ मध्ये डी८०५ डीई०० अशी जोडी. म्हणून सगळे तक्ते ‘यूटीएफ८एमबी४’. निर्देशांकाची (इंडेक्सची) मर्यादा ७६७ बाइट असलेल्या जुन्या मांडणीत २५५ अक्षरांचा रकाना चालत होता (२५५ × ३ = ७६५); आता १९१ (१९१ × ४ = ७६४). लेखाच्या शीर्षकाला १९१ पुरतात.

३ एप्रिल

अकारविल्हे सूची. कोडपॉइंटच्या क्रमाने लावली तर ‘ळ’ हा ल आणि व यांच्या मध्ये जातो, ‘क्ष’ क मध्ये, ‘ज्ञ’ ज मध्ये. मराठी वर्णमाला ह नंतर ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. आयसीयूच्या क्रमवारीत नियम स्वतः लिहून दिला:

&ह < ळ < क्ष < ज्ञ

‘क्षितिज’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ सूचीच्या शेवटी आल्या. ‘क्षमा’ क मध्ये राहिली होती. तिथे क् आणि ष यांच्यात झेडडब्ल्यूजे होता. तो काढला, फक्त तेवढाच.

९ एप्रिल

शब्दसूचीत न बसणाऱ्या शब्दांची शेवटची यादी. वरच्या टोकाला ‘वाड्.मय’. ‘वाड़मय’, ‘वाडमय’, ‘वांङमय’ ही त्याचीच भावंडे. फॉन्टच्या तक्त्यात ‘ङ’ होता, पण चार कळा दाबल्याशिवाय मिळत नव्हता. म्हणून टाइप करणाऱ्यांनी अर्धा ड आणि त्याच्यापुढे पूर्णविराम दिला. टिंब बरोबर ड च्या बाजूला बसते आणि छापून आल्यावर कुणाला वेगळे वाटत नाही. छापील अंकात शब्द बरोबर ‘दिसतो’. साहित्याच्या मासिकात याच शब्दावर शोध सर्वांत जास्त लागणार आणि तोच एकाही बाइटाने जुळत नव्हता.

नियम जोडला: ‘वा’ नंतर ड किंवा ङ, मागेपुढे अनुस्वार, हलन्त, नुक्ता किंवा पूर्णविराम काहीही असो, आणि मग ‘मय’, तर वा + ङ (यू+०९१९) + हलन्त + मय. ‘पराङ्मुख’ आणि ‘दिङ्मूढ’ साठीही तसेच. सगळा संग्रह पुन्हा चालवला, अशक्य जोड्यांची यादी पुन्हा काढली. रिकामी आली. तक्ता, नियम आणि मूळ बाइट तिन्ही एकाच जागी, एसएचए-२५६ सह ठेवले.